दाढ दुखायची थांबली, आणि मग…

‘डेंग्यू झालाय’ असं ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं की पपईच्या पानांच्या रसापासून ‘टेक केअर डिअर’पर्यंत सगळं येतं. ‘दाढ दुखतेय’ असं टाकून बघा. एक हसरा चेहरा आणि खाली, ‘मग कॉल जॉइन कर ना, म्यूटवर राहा.’ दाढदुखी हा सुट्टी घेण्यासारखा आजारच नाही, असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलंय. मीही ठरवलं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याच दाढेपायी नऊ दिवस हॉस्पिटलात काढले, त्यातले तीन आयसीयूत. जबड्याखाली, गळ्याच्या वरच्या बाजूला अजून दोन छोटे व्रण आहेत. स्कार्फ बांधला की दिसत नाहीत.

खालची डावीकडची सातवी दाढ, म्हणजे अक्कलदाढेच्या अलीकडची. वर्षभरापासून तिच्यात एक काळा ठिपका होता. थंड पाणी लागलं की कळ यायची आणि लगेच जायची. मी काय केलं? थंड पाणी प्यायचं सोडलं. समस्या सोडवण्याची ही आपली कॉर्पोरेट पद्धत! मग गरम चहाने कळ यायला लागली, ती पाच-दहा मिनिटं राहायची. आणि मग रात्रीचं ठणकणं सुरू झालं. आडवं झालं की ठणका, उठून बसलं की जरा बरं. दोन आठवडे मी उशांचा डोंगर करून झोपले.

आईला सांगलीला फोन केला. ‘‘लवंगाचं तेल लाव की गं. आणि डॉक्टरकडं जा.’’ यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं.

ठाण्यात स्टेशनबाहेरच्या मेडिकलवाल्याला म्हटलं, दाढेसाठी काहीतरी द्या. त्याने न विचारता पेनकिलरची पट्टी आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या सहा कॅप्सूल कापून दिल्या. ‘‘ताई, दोन दिवसांत एकदम ओके.’’ खरं सांगायचं तर तो बरोबर निघाला. दोन दिवसांत दाढ शांत! चार कॅप्सूल घेतल्या, उरलेल्या दोन पर्समध्ये राहिल्या. डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतली होती, ती कॅन्सल केली. त्या शुक्रवारी आम्ही मैत्रिणी मिसळ खायला गेलो आणि मी डावीकडूनही मस्त चावून खाल्लं.

माझी दाढ बरी झाली नव्हती. ती मेली होती.

बंद खोलीतली आग

हे मला नंतर तोंड-जबड्याच्या सर्जन मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याखाली डेंटिन. आणि आत मधोमध एक छोटी खोली, तिच्यात रक्तवाहिन्या आणि नसा. तो पल्प. आपण त्याला नुसतं ‘नस’ म्हणतो.

तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. आता माझा ऑफिसचा दिवस बघा. साडेनऊला चहा, अकराला कॉफी, साडेबाराला कुणाच्या तरी बर्थडेचा केक, चारला कटिंग, सहाला बिस्किटं, आणि टेबलावर दिवसभर घोटघोट पुरवून प्यायची कोल्ड कॉफी. लाळेला बिचारीला वेळ मिळणार कधी? साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे दातांना जास्त महागात पडतं. एक अख्खा गुलाबजाम जेवणासोबत खाल्लेला परवडतो, पण चार तास पुरवलेली कॉफी नाही.

कीड डेंटिनपर्यंत पोचली की थंड लागतं. लागतं आणि जातं. या टप्प्यावर एका फिलिंगमध्ये काम होतं. पुढे जंतू पल्पच्या जवळ गेले की तिथे सूज येते. शरीरात दुसरीकडे कुठे सूज आली तर तिला पसरायला जागा असते. इथे चारही बाजूंनी कडक भिंती. दाब वाढतो, नस चेपली जाते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब आणखी वाढतो, म्हणून रात्रीचा ठणका. माझ्या उशांच्या डोंगरामागचं शास्त्र हे होतं. गरमाने दुखणं, कळ रेंगाळणं, झोपेतून उठवणारा ठणका, ही पल्प आता परत सुधारणार नाही याची लक्षणं. इथून पुढे दोनच वाटा, रूट कॅनाल नाहीतर दाढ काढणं.

तिसरी वाट मी घेतली. काहीच न करता वाट बघितली की पल्प मरतो. नसच मेली म्हटल्यावर दुखणार कुठून? दुखणं थांबतं आणि पेशंट आनंदाने मिसळ खायला जातो. जंतू मात्र मुळाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून जबड्याच्या हाडात उतरलेले असतात. तिथे पू साठतो. कधी दाढ ‘उंच’ झाल्यासारखी वाटते, चावताना आधी तीच टेकते. कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, खारट-घाण चव येते, परत भरते. ती दुखत नाही, म्हणून लोक महिनोन् महिने तिच्यासोबत राहतात.

आणि मेडिकलवाल्याच्या कॅप्सूल? पोटात गेलेलं औषध दाढेपर्यंत पोचणार रक्तातून. मेलेल्या पल्पमध्ये रक्त जातच नाही. आजूबाजूच्या भागातले काही जंतू औषधाने मरतात, सूज उतरते, आपण खूश. पण दाढेच्या आतला कारखाना चालूच राहतो. शिवाय अर्धवट घेतलेल्या औषधाने जे तगडे जंतू उरतात, त्यांच्यावर पुढच्या वेळी तेच औषध चालेल याची खात्री राहत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन आपल्याकडे कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. 2016 साली केंद्र सरकारने पट्टीवरच्या लाल रेघेची मोहीमही काढली होती, लाल रेघ दिसली की स्वतःच्या मनाने घेऊ नका म्हणून. माझ्या पर्समधल्या पट्टीवर ती रेघ होती. मी ती हॉस्पिटलात पहिल्यांदा पाहिली.

दाताच्या डॉक्टरांच्या जगात याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2019च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की एरवी तब्येत ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाची नस सुजली असेल किंवा मुळाशी छोटा पू झाला असेल, आणि दातावर लगेच उपचार करता येत असतील, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नाही. दात उघडा, पू बाहेर काढा. ताप आला, सूज पसरली, अंग मोडून आलं, तर मात्र औषध हवंच, आणि तेही दातावरच्या उपचारासोबत.

गुरुवार ते रविवार

मिसळीनंतर साधारण सहा आठवडे काहीच नाही. मग एका गुरुवारी सकाळी जबड्याखाली गोटी आल्यासारखं वाटलं. ऑफिसात लंचला एक जण म्हणाला, ‘‘तुला गालगुंड झालंय का?’’ सगळे हसले. मीही हसले, कारण हसताना अजून दुखत नव्हतं. शुक्रवारी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं. एकशे एक ताप, दोन पेनकिलर, आणि कॅमेऱ्याला उजवी बाजू. प्रेझेंटेशन छान झालं. (अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेखही झाला नाही, हा वेगळा विषय.) घरी येऊन गरम पाण्याच्या पिशवीने बाहेरून शेकलं. असं बाहेरून शेकू नये, सूज त्वचेच्या दिशेने ओढली जाते, असं डेंटिस्ट सांगतात. कोमट मिठाच्या पाण्याची गुळणी चालते, बाहेरचा शेक नको.

शनिवारी तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. भात गिळताना त्रास. संध्याकाळी माझा आवाज बदलला, तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखा. आईशी फोनवर बोलले तर ती म्हणाली, ‘‘रडायला लागलीस काय?’’ रात्री लाळ गिळता येईना, ती उशीवर गळायला लागली. जीभ तोंडात मावत नाहीये असं वाटत होतं. आणि आडवं झालं की श्वास कोंडायचा.

रात्री एक वाजता रूममेटने दिवा लावला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता रिक्षा आणायला खाली गेली. आयुष्यभर तिची मी ऋणी आहे.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने ‘जीभ बाहेर काढा’ म्हटलं. निघेना. त्याने हातमोजा घालून जिभेखाली बोट दाबलं. एरवी तिथे मऊ असतं. त्याचा चेहरा बदललेला मला दिसला. ‘‘आडव्या होऊ नका. बसूनच राहा,’’ एवढं म्हणून तो फोनकडे धावला. दहा मिनिटांत माझ्याभोवती सहा माणसं होती, आणि त्यातला एकही जण दाढेबद्दल बोलत नव्हता. सगळे माझ्या श्वासाबद्दल बोलत होते.

‘लुडविग्ज अँजायना’ हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अँजायना म्हटल्यावर मला वाटलं हार्ट! पण हृदयाशी याचा संबंध नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गळा आवळणं. जर्मनीतल्या वुर्टेमबर्गचे डॉक्टर विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 साली या आजाराचं वर्णन केलं. जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या जागेत दोन्ही बाजूंनी झपाट्याने पसरणारी, लाकडासारखी कडक सूज. तिच्यात सुरुवातीला पू फारसा नसतोच. पण ती जिभेला वर आणि मागे ढकलते, आणि मागे श्वासाची वाट आहे. पेनिसिलिनच्या आधीच्या काळात हा आजार झालेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक दगावत. आज वेळेवर पोचलेल्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत आलंय. अँटिबायोटिक्सचा यात वाटा आहेच, पण तितकाच वाटा श्वासाची वाट आधी मोकळी करण्याच्या शिस्तीचा आहे.

माझीच दाढ का? इथे शरीररचनेची गंमत आहे, म्हणजे आता गंमत म्हणायची. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने एक पातळ स्नायू तोंडाच्या तळाची गादी धरून असतो. पुढच्या दातांची मुळं या गादीच्या वर संपतात. सातव्या आणि आठव्या दाढेची मुळं बहुतेकांमध्ये तिच्या खाली उतरतात. त्यामुळे तिथला जंतुसंसर्ग हाड फोडून निघाला की तोंडात न येता थेट गळ्याच्या बाजूच्या जागेत जातो. या जागा एकमेकींना जोडलेल्या असतात, चाळीतल्या खोल्यांसारख्या. एकीत आग लागली की पुढच्या दारापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. मागच्या दाराने खाली गेली तर थेट छातीत, हृदयाच्या आजूबाजूच्या जागेत.

आधी श्वास, मग चाकू

मला वाटलं होतं, ऑपरेशन म्हणजे इंजेक्शन देतील आणि मी झोपेन. भूलतज्ज्ञ सरांनी बाजूला बसून शांतपणे सांगितलं, ‘‘तुम्हाला आधी झोपवलं तर गळ्याचे स्नायू सैल पडतील आणि आहे ती वाटही बंद होईल. म्हणून तुम्ही जाग्या असतानाच नाकातून नळी घालणार. मी सांगेन तसा श्वास घ्या.’’ नाक आणि घसा बधिर करून, टोकाला कॅमेरा असलेल्या लवचिक दुर्बिणीवरून त्यांनी ती नळी श्वासनलिकेत नेली. शेजारी सर्जन मॅडम गळ्याला बाहेरून छेद देण्याच्या तयारीत उभ्या होत्या, नळी गेली नाही तर ट्रॅकिओस्टॉमी. हे मला माहीत होतं, कारण संमतीच्या कागदावर मीच सही केली होती. ती दोन-तीन मिनिटं मी इथे वर्णन करणार नाही.

बाकीचं मला नंतर कळलं. जबड्याखाली दोन छेद, आतल्या कोंडलेल्या जागा मोकळ्या केल्या, रबराच्या निचरा-पट्ट्या ठेवल्या. आलेला पू तपासायला पाठवला, कुठले जंतू आहेत आणि कुठल्या औषधाला जुमानतात हे बघायला. आणि त्याच बैठकीत ती दाढ काढली. हे महत्त्वाचं. उगम तसाच ठेवून नुसती सूज उतरवण्यात अर्थ नसतो. शिरेतून अँटिबायोटिक्स सुरू झाली. या आजारात बहुधा एक जंतू नसतो, टोळी असते. काही ऑक्सिजनवर जगणारे स्ट्रेप्टोकोकाय, काही ऑक्सिजनशिवाय फोफावणारे. म्हणून औषधंही दोन्ही प्रकारांना पुरतील अशी देतात. पुढे गोळ्यांमध्ये मेट्रोनिडाझोल होतं, तेव्हा नर्सताईंनी बजावलं, ‘‘यावर ड्रिंक्स चालत नाहीत हं.’’ मी नाकात नळीचे वळ घेऊन झोपले होते आणि त्यांना माझ्या वीकेंडची काळजी!

नळी तिसऱ्या दिवशी काढली. त्याआधी मी पाटीवर लिहून बोलायचे. पहिला प्रश्न लिहिला होता, ‘शुक्रवारचा फॉलोअप मेल कोणी पाठवला?’ रूममेटने ती पाटी पुसून टाकली.

वॉर्डात शेजारी एक काका होते. त्यांचाही दातच. मधुमेह, पण गोळ्या वेळेवर नाहीत, साखर अडीचशेच्या वर. त्यांना दुसऱ्यांदा थिएटरमध्ये न्यावं लागलं. साखर चढलेली असली की शरीराच्या पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, आणि संसर्गाने साखर आणखी चढते. असं चक्र फिरत राहतं. घरात आई-बाबांना डायबेटिस असेल तर त्यांच्या हलणाऱ्या दाताकडे ‘वय झालं’ म्हणून बघू नका. किडनीचे पेशंट, केमोथेरपी चालू असलेले, स्टेरॉइडवर असलेले, यांचंही तेच. ज्यांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे त्यांनी दाढ काढण्याआधी डेंटिस्टला ते सांगायलाच हवं. तोंडातले जंतू रक्तात शिरून झडपेवर घर करू शकतात, म्हणून अशांना आधी अँटिबायोटिकचा डोस देतात.

वरच्या दातांचे वेगळे नखरे

वरच्या दाढांची मुळं गालामागच्या सायनसच्या तळाला चिकटून असतात. त्यामुळे एकाच बाजूचा सायनस, एकाच नाकपुडीतून घाण वास, महिनोन् महिने वाफ घेऊनही फरक नाही, असं असेल तर दातांचा एक्स-रे काढून घ्या. सुळ्याचं मूळ लांब असतं. तिथला संसर्ग नाकाच्या बाजूला आणि डोळ्याखाली सूज आणतो. चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांचा कवटीच्या आतल्या शिरांशी संबंध आहे. तिथे गुठळी होणं फार विरळ, पण झालं तर डोळा आणि जीव दोन्हींवर बेततं. डोळ्याभोवती सूज, डोळा हलवताना दुखणं, दोन दिसणं, हे दाताच्या दुखण्यासोबत आलं तर डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021 साली, महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो पेशंट सापडले. तो बुरशीचा आजार, दातातून सुरू होणारा नव्हे. पण वरचे दात अचानक हलायला लागले, टाळूवर काळा डाग आला, म्हणून कित्येक जण आधी दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि तिथेच संशय आला. दाताचा डॉक्टर फक्त दात बघतो, हा माझा समज हॉस्पिटलात गळून पडला, दाढेसोबतच.

आणि आपल्या वयाचा खास आजार म्हणजे अक्कलदाढ. साधारण सतरा ते पंचवीस या वयात ती यायला बघते, आणि जबड्यात जागा नसते. मग ती अर्धी वर, अर्धी हिरडीखाली. त्या हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकतं, सूज येते, चावताना वरची दाढ त्यावर आपटते. परीक्षा, प्रोजेक्टची डेडलाइन, जागरणं यांच्याच मुहूर्तावर ती का सुजते, देव जाणे! एकदा स्वच्छ करून बरं वाटलं तरी पुन्हा पुन्हा होत असेल तर सर्जनला विचारून तिचा निकाल लावा. माझ्या वॉर्डातली सर्वांत लहान पेशंट बावीस वर्षांची होती, याच दाढेमुळे.

रूट कॅनालची बदनामी

‘रूट कॅनाल केलं की कॅन्सर होतो’ हा फॉरवर्ड मला हॉस्पिटलात असताना तीन नातेवाइकांकडून आला. याचं मूळ शंभर वर्षं जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधले विल्यम हंटर आणि नंतर अमेरिकेतले वेस्टन प्राइस यांनी मांडलं, की सांधेदुखीपासून मनाच्या आजारांपर्यंत सगळ्याचं मूळ दातातल्या लपलेल्या संसर्गात आहे. मग काय, पुढची कित्येक वर्षं लोकांचे धडधाकट दात उपटले गेले. नंतरच्या अभ्यासात ते दावे टिकले नाहीत. पण कल्पना मेली नाही, ती मोबाइलवर आली. रूट कॅनालमध्ये मेलेला किंवा सडलेला पल्पच काढून टाकतात, आतली पोकळी साफ करून बंद करतात. भूल देऊन करतात, त्यामुळे त्याआधीच्या ठणक्यापुढे ते काहीच नाही.

दुसरं कारण पैशाचं. ते मी नाकारणार नाही. बहुतेक मेडिक्लेममध्ये दाताचे ओपीडी उपचार बसत नाहीत, आणि पगाराच्या दिवशी दाढेपेक्षा ईएमआय मोठा वाटतो. पण मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, आणि इतर शहरांतल्या डेंटल कॉलेजांमध्येही खासगी क्लिनिकपेक्षा कितीतरी कमी खर्चात काम होतं. रांग लागते, अर्धा दिवस जातो. 2007 साली अमेरिकेत मेरिलँडमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाच्या दाढेतला संसर्ग मेंदूपर्यंत गेला. दाढ काढायला साधारण ऐंशी डॉलर लागले असते. मेंदूवर दोन ऑपरेशनं झाली, खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला आणि मुलगा वाचला नाही. त्याच्या घरच्यांना गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतला दंतवैद्य मिळणं अवघड झालं होतं. त्यानंतर मेरिलँडने मुलांच्या दंतोपचारांच्या योजना बदलल्या.

डिस्चार्जच्या दिवशी मी मॅडमना विचारलं, नेमकं काय दिसलं की रात्री-अपरात्री निघायचं? त्या म्हणाल्या, नुसत्या ठणक्यासाठी नाही, त्यासाठी सकाळी क्लिनिक उघडल्यावर जा. पण ताप आणि सूज एकत्र, तोंड उघडेनासं होणं, गिळता न येणं किंवा लाळ गळणं, आवाज बदलणं, जीभ वर उचलली जाणं, सूज जबड्याखाली किंवा गळ्यावर उतरणं, आडवं झाल्यावर श्वास अडकणं, यातलं काहीही दिसलं तर क्लिनिक शोधू नका, थेट मोठं हॉस्पिटल, जिथे भूलतज्ज्ञ आणि सर्जन आहेत. आणि पेशंटला बसवून न्या.

गुरुवारी आले असते तर? ‘‘खुर्चीतच काम झालं असतं. दाढ काढून, निचरा करून संध्याकाळी घरी,’’ त्या म्हणाल्या. तीन महिन्यांपूर्वी आले असते तर रूट कॅनाल आणि वर कॅप. वर्षापूर्वी आले असते तर फिलिंग. त्या हे रागावून सांगत नव्हत्या, त्यांच्या वहीत हिशेब मांडावा तसं सांगत होत्या.

आता डावीकडे खाली खिंडार आहे. हाड पूर्ण भरल्यावर इम्प्लांट बसवायचं की ब्रिज, ते ठरेल. तोपर्यंत मी उजवीकडून जेवते. तोंड पूर्ण उघडायला सहा आठवडे लागले, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून रोज व्यायाम करायचा, आज नऊ, उद्या दहा. ऑफिसात परत गेले तेव्हा तोच गालगुंडवाला सहकारी हळूच येऊन म्हणाला, ‘‘ऐक ना, माझी पण एक दाढ होती दुखत. पण आता थांबलीये.’’ मी त्याचा हात धरून त्याला तिथल्या तिथे फोन करायला लावला.

माझी स्वतःची सगळी तपासणीही तेव्हाच झाली. उजवीकडच्या सहाव्या दाढेत छोटी कीड सापडली, एरवी दिसलीही नसती अशी. फिलिंगला पंचवीस मिनिटं लागली. त्या दुपारी तीनची मीटिंग मी गाठली.